तेलुगू वाचता येत नाही, पण लिनक्समधलं तेलुगू तपासायचंय. काय काय बघू?

खिडकी_नको

मंडळी, नसतं लोढणं गळ्यात पडलंय.

मी वापरतो त्या लिनक्स वितरणाची नवी आवृत्ती येऊ घातलीय. भारतीय भाषांची चाचणी स्वयंसेवक करतात. परवाच्या ऑनलाइन बैठकीत मराठीला चार जण निघाले, हिंदीला सहा, तेलुगूला कोणीच नाही. सगळे चिडीचूप. नेमका तेव्हाच मी माइक सुरू करून खोकलो. झालं, यादीत माझं नाव लागलं.

तेलुगूचं आणि माझं नातं म्हणजे रेल्वे स्टेशनावरच्या पाट्या. सगळी अक्षरं मला सारखीच गोल दिसतात.

तरी उत्साहाच्या भरात काल रात्री माझ्याच खात्याची भाषा तेलुगू केली आणि पुन्हा लॉगिन केलं. आल्या आल्या एक खिडकी उघडली. त्यात चार ओळी मजकूर आणि खाली दोन बटणं. उजवीकडचं म्हणजे 'पुढे चला' असणार असं धरून दाबलं, आणि डेस्कटॉप कोरा. सगळ्या फाइली गायब! छातीत धस्स झालं. परत इंग्रजीवर यावं म्हटलं तर सेटिंग्जही तेलुगूत. चित्रं बघत, चाचपडत बाहेर पडायला वीसेक मिनिटं लागली. बॅकअपची स्क्रिप्ट तर 'असा फोल्डर नाही' म्हणून रात्रीच रुसून बसली.

तर प्रश्न असा: लिपी न वाचता, भाषा न कळता, तेलुगू चालतंय की नाही हे कितपत तपासता येतं? की सरळ हात वर करू?

उगाच

आधी खोकल्याचं औषध घ्या. बाकी पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

कमांडोबा

फाइली कुठेही गेलेल्या नाहीत, धीर धरा. लॉगिनची भाषा बदलली की नोम, म्हणजे तुमच्या डेस्कटॉपची यंत्रणा, 'तुमच्या नेहमीच्या फोल्डरांची नावं नव्या भाषेत करू का?' असं विचारतो. तुम्ही हो म्हणालात. मग डेस्कटॉप, डाउनलोड्स वगैरे नावांचे तेलुगू फोल्डर नव्याने तयार झाले आणि डेस्कटॉप त्या नव्या, रिकाम्या फोल्डरकडे बघायला लागला. जुना फोल्डर आतल्या मालासकट तुमच्या होममध्येच पडलेला आहे. 'आधीच्या फाइली हलवल्या जाणार नाहीत' असं त्या खिडकीतच लिहिलेलं असतं.

तेलुगूत.

इलाज: कॉन्फिग फोल्डरात 'यूझर-डर्स डॉट डर्स' नावाची साधी मजकूर फाइल आहे. तिच्यात जुनी नावं परत घाला, लॉगआउट, लॉगिन. आणि हे काम स्वतःच्या खात्यात कोणी करतं का हो? चाचणीसाठी वेगळं खातं उघडा, नाहीतर आभासी यंत्रात करा.

दुसरं, एखादाच प्रोग्रॅम इंग्रजीत हवा असेल तर त्याच्या नावाआधी 'लँग बरोबर सी' लिहून टर्मिनलातून सुरू करा. पुढच्या वेळी वीस मिनिटांऐवजी वीस सेकंदांत बाहेर. (मी देवनागरीत लिहिलंय म्हणून टर्मिनलात देवनागरीत टाकू नका. तो तुम्हाला तेलुगूत शिव्या देईल.)

खिडकी_नको

कमांडोबा, सगळं परत मिळालं. आज तुमच्या नावाने भंडारा उधळतो.

अक्षरशत्रू

मला हा सगळा प्रकारच पटत नाही. ज्या भाषेतलं अक्षर कळत नाही तिच्यापुढे 'तपासलं, ठीक' असा शिक्का मारायचा? उद्या मराठीची तपासणी एखाद्या मराठी न येणाऱ्याने केली आणि 'पाणी'चं 'पानी' झालेलं त्याला दिसलंच नाही, तर आपणच इथे शंभर प्रतिसादांचा धागा काढू. २०११च्या जनगणनेप्रमाणे तेलुगू मातृभाषा असलेले आठ कोटींच्या वर आहेत, म्हणजे मराठीच्या लगेच खाली चौथा नंबर. त्यातला एक मिळत नाही?

खिडकी_नको

मिळाला असता तर मी कशाला खोकल्याची शिक्षा भोगली असती?

जोडाक्षर

अक्षरशत्रू यांचं अर्धं बरोबर आहे. भाषांतर चांगलं की वाईट हे धागाकर्त्यांना सांगता येणार नाही. पण भाषेचा सपोर्ट म्हणजे नुसतं भाषांतर नव्हे. मी डीटीपीवाली. बरीच वर्षं हैदराबादच्या एका छापखान्याची कामं करत होते, त्यामुळे तेलुगू अक्षरं लागतात. अर्थ विचाराल तर शून्य. तेवढ्या जोरावर पानंच्या पानं लावली आणि चुकाही पकडल्या.

सुरुवात फॉन्टपासून करा. तेलुगू फॉन्टच नसेल तर चौकटी दिसतात, ते कोणालाही कळतं. नोटो सान्स तेलुगू, नोटो सेरिफ तेलुगू, लोहित तेलुगू, जुने पोतना आणि वेमना, झालंच तर रामभद्र, मंडली, सुरन्ना असे बरेच फॉन्ट मोफत आहेत. वितरणाने आपणहून कुठला दिलाय आणि ठळक अक्षरासाठी त्याचं खरं ठळक रूप आहे का, ते बघा. नसेल तर संगणक तीच रेघ फुगवतो. द, ध, थ यांतला फरक तेलुगूत एक बारीकसा ठिपका आणि पायाजवळची चिमुकली रेघ एवढाच. फुगवल्यावर सगळं एकमेकांत बुजतं. लहान आकारात, ठळक करून, हे तीन शेजारी शेजारी ठेवा. वेगळे दिसायला हवेत. यात वाचायचं काही नाही, डोळे पुरतात.

मग जोडाक्षरं (नावाला जागते). आपल्याकडे जोडाक्षर बहुतेक आडवं वाढतं, तेलुगूत ते खाली वाढतं. पहिलं व्यंजन ओळीवर, पुढचं त्याच्या पायाशी. या पायाशी लटकणाऱ्या रूपांना वत्तु म्हणतात. 'स्त्री' घ्या. ओळीवर फक्त स. त आणि र खाली. आणि गंमत म्हणजे ई उच्चारायची सगळ्यात शेवटी, पण तिची खूण बसते वर, त्या स च्या डोक्यावर. 'राष्ट्र', 'शास्त्र', 'लक्ष्मी' हे शब्द असेच खोल जातात. आता हा शब्द फाइलच्या नावात, मेनूत, बटणावर, वरच्या पट्टीत, कॅलेंडरात टाका. इंग्रजी डोळ्यापुढे ठेवून ओळीची उंची ठरवलेली असते, म्हणून खालचा र कापला जातो. तेलुगू यंत्रणेतला सगळ्यात सनातन बग हाच आणि तो पकडायला तेलुगू लागत नाही.

रफार

आणि टायपिंगचं काय? ते तर सर्वात सोपं! मी मराठी इन्स्क्रिप्टवाला. इन्स्क्रिप्टची मांडणी सगळ्या भारतीय भाषांना एकच आहे. के दाबलं की क, एच दाबलं की प, डी दाबलं की हलंत, मग भाषा कुठलीही असो. कीबोर्डच्या यादीत तेलुगू जोडा आणि मराठी टाइप करतो तसंच डोळे मिटून करा, पडद्यावर तेलुगू उमटेल. मी आत्ताच 'विठ्ठल विठ्ठल' टाइप करून बघितलं. काय दिसतंय ते कळत नाही, पण दोन्ही वेळा सारखंच दिसतंय.

उगाच

पांडुरंग पांडुरंग.

कमांडोबा

रफार यांनी फार कामाची गोष्ट सांगितली. त्यात भर: तेलुगूत ए आणि ओ दोन-दोन आहेत, ऱ्हस्व आणि दीर्घ. मराठीत ऱ्हस्व ए-ओ नसल्यामुळे त्या कळांना आपली बोटं कधी जातच नाहीत. ऱ्हस्व ए झेडच्या कळीवर असतो आणि ऱ्हस्व ओ आकड्यांच्या ओळीत एकच्याही डावीकडे, कोपऱ्यात. ते दोन्ही आवर्जून तपासा. मराठी माणसाकडून सुटणार ते नेमकं तिथेच.

इन्स्क्रिप्ट न येणाऱ्या तेलुगू लोकांचंही बघा. आयबस म्हणजे लिनक्सवरची टायपिंगची यंत्रणा. तिच्यात एम-सतरा-एन हा भाषांचा संच जोडला की आयट्रान्स, आरटीएस अशा रोमन पद्धती मिळतात, म्हणजे इंग्रजी अक्षरांत उच्चार टाइप करायचा. आरटीएस हे अमेरिकेतल्या राइस विद्यापीठात जन्मलेलं, विंडोजवर युनिकोड (प्रत्येक अक्षराला एक ठरलेला क्रमांक देणारी पद्धत) रुळायच्या आधीपासूनचं. पद्धत यादीत दिसली म्हणजे चालते असं समजू नका. मजकूर संपादक, ब्राउझर, लिबरऑफिस आणि एखादा डबाबंद पॅकेजमधला (बाकी यंत्रणेपासून अलग चालणारा) प्रोग्रॅम अशा चारही ठिकाणी टाइप करून बघा. डबाबंद प्रोग्रॅमांना बाहेरची इनपुट पद्धत बऱ्याचदा दिसतच नाही.

पासवर्ड_विसरलो

कीबोर्डवरून आठवलं. मी एकदा मराठीची चाचणी करताना इंग्रजी कीबोर्ड यादीतून काढून टाकला. नीटनेटकेपणा अंगात आला होता. मशीन पुन्हा सुरू केलं, पासवर्ड टाकला, चूक. परत टाकला, चूक. ठिपक्यांमागे देवनागरी उमटत होती हे कळायला अर्धा तास गेला. शेवटी कंट्रोल-ऑल्ट-एफ३ने काळ्या पडद्यावर जाऊन सुटका करून घेतली. तेव्हा खिडकी_नको, इंग्रजी कीबोर्ड काढू नका. किंवा असं करा, मुद्दाम काढा आणि काय होतं ते बघा, तीही चाचणीच की.

कमांडोबा

त्या काळ्या पडद्यावर तेलुगू दिसलं नाही म्हणून बग मात्र टाकू नका. कर्नलच्या त्या कन्सोलला फार तर ५१२ अक्षरचित्रं ठेवता येतात आणि अक्षर जोडणं त्याला माहीतच नाही. डेबियनच्या इन्स्टॉलरमध्येही तेलुगू फक्त ग्राफिकल पद्धतीत मिळतं ते याचमुळे. टर्मिनलची खिडकी ही वेगळी गोष्ट, पण तिथेही चौकोनी खणांत अक्षरं बसवायची असल्याने जोडाक्षरांची ओढाताण होतेच.

खिडकी_नको

पहिला बग सापडला!! 'कर्म' टाइप केलं. क बरोबर. पण रफार कुठेच नाही! म च्या डोक्यावर काही नाही, पुढे काही नाही. र आपला ओळीवर ऐसपैस बसलाय आणि म त्याच्या पायाशी. तीन फॉन्टांत तेच. नोंदवून टाकला.

रफार

मी इथेच आहे.

जोडाक्षर

अहो थांबा, थांबा. तो बग नाही. आजच्या तेलुगूत र्म असाच लिहितात: र वर, म खाली. रफारासारखी खूण जुन्या छपाईत होती, अक्षराच्या उजवीकडे बसायची. तिला वलपलगिलक म्हणतात. आता प्रचारात नाही. जुना मजकूर जसाच्या तसा उतरवायचा असेल तर र, हलंत आणि त्यापुढे शून्य रुंदीचं जोडचिन्ह, म्हणजे झेडडब्ल्यूजे, दिलं की फॉन्टात सोय असल्यास ती खूण येते. तुम्ही देवनागरीचा चष्मा लावून बघितलंत, म्हणून र बिनटोपीचा वाटला.

अक्षरशत्रू

मी काय म्हणत होतो?

खिडकी_नको

बग मागे घेतला. तेवढ्यात एकाने 'हे असंच असतं' म्हणून बंदही केला होता. कर्म माझं.

जोडाक्षर

मनाला लावून घेऊ नका. पण या फजितीतून एक रीत शिका. काही चुकीचं वाटलं तर तोच शब्द तीन फॉन्टांत आणि तीन प्रोग्रॅमांत बघायचा. एकाच फॉन्टात बिघडला तर फॉन्टवाल्यांकडे जा. एकाच प्रोग्रॅममध्ये बिघडला तर त्या प्रोग्रॅमकडे. सगळीकडे सारखाच दिसला तर आधी स्वतःवर संशय घ्या, कारण आता नोमचे प्रोग्रॅम, क्यूटीवाले, लिबरऑफिस, फायरफॉक्स, क्रोमियम या सगळ्यांकडे अक्षरं जुळवायचं काम हार्फबझच करतं. लिबरऑफिसने २०१७ मध्ये ५.३ आवृत्तीत सगळीकडे तेच घेतलं. दुकानं पाच, गिरणी एक. पूर्वी प्रत्येकाची गिरणी वेगळी होती आणि एकाच शब्दाची चार रूपं दिसायची, तो जमाना मी भोगलाय.

आणि मात्रा किंवा हलंत टिंबाटिंबांच्या वर्तुळावर बसलेलं दिसलं तर समजा, अक्षरांचा क्रमच चुकलाय. मुद्दाम व्यंजनाशिवाय नुसतीच मात्रा टाइप करून बघा, वर्तुळ यायला हवं.

सोलापुरी_चादर

उशिरा आलो. आमच्या घरात तेलुगूच बोलतात. सोलापुरातले पद्मशाली आम्ही, कित्येक पिढ्या इकडेच. पण शाळा मराठी, त्यामुळे लिपी ओ की ठो येत नाही. बोललेलं सगळं कळतं, लिहिलेलं काही नाही. माझा काही उपयोग?

उगाच

वा! जोडाक्षर ताईंना लिपी येते, भाषा येत नाही. चादर यांना भाषा येते, लिपी येत नाही. धागाकर्त्यांना दोन्ही येत नाही. समिती पूर्ण झाली, अध्यक्ष नेमा.

कमांडोबा

उगाच, हसण्यावारी नेऊ नका, यातूनच मार्ग आहे.

युनिकोडमध्ये भारतीय लिप्यांचे कप्पे जुन्या इस्की सांकेतिकेच्या क्रमाने लावलेत. सगळ्या लिप्यांत क त्याच जागी, ख त्याच जागी. देवनागरीचा कप्पा २३०४ पासून सुरू होतो, तेलुगूचा ३०७२ पासून. वजाबाकी करा: ७६८. म्हणजे तेलुगू अक्षराच्या क्रमांकातून ७६८ वजा केले की त्याच उच्चाराचं देवनागरी अक्षर मिळतं. ३०७२ ते ३१९९ या पट्ट्यातल्या चिन्हांनाच हात लावायचा, बाकी स्पेस, इंग्रजी, अदृश्य चिन्हं जशीच्या तशी. पायथॉनमध्ये चार ओळींचं काम. ऱ्हस्व ए-ओसुद्धा हरवत नाहीत, देवनागरीच्या कप्प्यात त्यांच्यासाठी ऎ आणि ऒ ठेवलेलेच आहेत. एरवी त्यांना कोण विचारतं!

भाषांतराच्या पीओ फाइली घ्या, या गाळणीतून काढा, चादर यांना वाचायला द्या.

खिडकी_नको

कमांडोबा, दंडवत. केलं! अक्षरशः चार ओळी. सगळे मेनू धडाधड देवनागरीत आले. हे बघा:

दस्त्रं
तॆरुवु
भद्रपरुचु
अमरिकलु
रद्दुचेयि
सरे

'भद्रपरुचु' वाचून वाटलं की फाइल भादरणार.

सोलापुरी_चादर

हहपुवा! भद्रपरुचु म्हणजे जपून ठेव, सेव्ह. तॆरुवु म्हणजे उघड. दस्त्रं म्हणजे फाइल, आपल्या दस्त-दप्तराच्याच गावचा वाटतो. अमरिकलु म्हणजे सेटिंग्ज, अमेरिकेचा काही संबंध नाही. रद्दुचेयि म्हणजे रद्द कर. सरे म्हणजे बरं, ठीक.

पण खरं सांगू? आमच्या घरात असं कोणी बोलत नाही. आई 'सेव्ह चॆय्यि' म्हणेल. हे सगळं शाळेच्या पुस्तकातलं वाटतं. म्हणजे चूक नाही, कळतंय, पण परीटघडीचं आहे.

खिडकी_नको

म्हणजे त्या रात्री मला नुसतं 'रद्दु' एवढं वाचता आलं असतं तरी वाचलो असतो.

अक्षरशत्रू

हे मात्र भारी आहे, मान्य. पण चादर, तुमचं सोलापुरी तेलुगू आणि विजयवाड्याचं तेलुगू एक नव्हे. तुम्ही 'परीटघडीचं' म्हणालात, तिथल्या माणसाला ते सहज वाटत असेल.

सोलापुरी_चादर

एकदम कबूल. म्हणून मी 'चूक' म्हटलं नाही. मला अर्थ लागला की नाही एवढंच सांगतोय. दोन ठिकाणी मात्र वाक्यच तुटलंय. 'फाइल सापडली नाही' यात फाइलचं नाव वाक्याच्या शेवटी जाऊन पडलंय, क्रियापदाच्याही पुढे. तसं तेलुगूत कुठल्याच गावात बोलत नाहीत.

सहज_सुचलं

मला एक कळत नाही. तेलुगू मेनू वापरतं तरी कोण? माझ्या हापिसात निम्मे लोक हैदराबादचे, सगळ्यांचे संगणक इंग्रजीत. आपण तरी मराठी डेस्कटॉप वापरतो का? टाइप होतं, दिसतं, शोधता येतं, एवढं पुरे. बाकी हौस.

जोडाक्षर

मी वापरते. मराठी डेस्कटॉप, गेली काही वर्षं. पहिले दोन आठवडे 'संपादन' बघून दचकायला व्हायचं, आता इंग्रजीत दचकते.

रफार

मराठी डेस्कटॉप वापरणाऱ्यांनी आधी ल आणि श चं सांगा. हिंदी वळणाचे ल, श बघून डोळे दुखतात. फॉन्टात मराठी रूपं असतात, पण मजकुराची भाषा मराठी आहे हे प्रोग्रॅमने सांगितलं तरच ती येतात. आणि 'ऱ्या'...

उगाच

झालं, धाग्याचं काश्मीर होणार. ल आणि श साठी वेगळा धागा काढा, मी पॉपकॉर्न तिकडे आणतो.

सहज_सुचलं

माझा मूळ मुद्दा तोच आहे, शोध! तो कोणी तपासत नाही.

जोडाक्षर

बरं झालं काढलंत. तेलुगूतली शोधाची खरी गोम 'सॉफ्टवेअर'मध्ये आहे. ते लिहितात 'साफ्ट्‌वेर्'. नुसतं सलग टाइप केलं तर ट नंतरचा व सुद्धा वत्तु होऊन खाली जाऊन लटकतो, शब्द ओळखू येत नाही. तो वेगळा ठेवायला हलंतानंतर एक अदृश्य चिन्ह द्यावं लागतं, झेडडब्ल्यूएनजे. तेलुगू विकिपीडियावर अशा इंग्रजी शब्दांत ते जागोजाग आहे. आता एकाने ते घालून फाइलला नाव दिलं आणि दुसऱ्याने न घालता शोधलं, तर फाइल समोर असून सापडत नाही. दोन्ही तऱ्हेने फाइली बनवा आणि फाइल मॅनेजरात शोधून बघा.

तसंच 'ऐ'ची मात्रा. युनिकोडात ती एका चिन्हाने लिहिता येते आणि दोन तुकड्यांनीही. दिसायला जुळी. शोधणाऱ्याने दोन्ही एकच मानली पाहिजेत.

क्रमवारीही बघा. ळ, आपल्यासारखाच, तेलुगू वर्णमालेत ह नंतर येतो. युनिकोडात मात्र ल च्या शेजारी बसलाय. ळ चा शब्द यादीत कुठे पडतो त्यावरून कळेल की संगणक वर्णमाला पाळतोय की नुसते आकडे.

पासवर्ड_विसरलो

झेडडब्ल्यूएनजे वरून २०१८चा फेब्रुवारी आठवला. तेलुगू 'ज्ञा' आयफोनला पाठवला की समोरचं ॲप कोसळायचं! ज, हलंत, ञ, मग ते अदृश्य चिन्ह आणि मग काना. लोक एकमेकांना गंमत म्हणून पाठवत होते. शेवटी ११.२.६ ही आवृत्ती काढावी लागली.

अक्षरशत्रू

आणि तेव्हा कोणाकोणाला तेलुगू वाचता येत होतं हो? बग सगळ्यांना मिळाला. घ्या, माझ्याच मुद्द्याविरुद्ध पुरावा मीच देतोय.

कमांडोबा

खिडकी_नको, तो 'ज्ञा' तुमच्या यादीत हवाच. शिवाय बाणाच्या कळी. 'स्त्री' वरून कर्सर एका उडीत जातो की अडखळत, हे प्रत्येक प्रोग्रॅममध्ये बघा. सप्टेंबर २०२३च्या युनिकोड १५.१ मध्ये अख्खं जोडाक्षर एकच घटक धरायचा नियम आला. त्यात देवनागरी, बंगाली, गुजराती, ओडिया, तेलुगू आणि मल्याळम घेतल्या. जुन्या नियमाचा प्रोग्रॅम अडखळेल, नव्याचा उडी मारेल. एकाच मशीनवर दोन्ही दिसले तर नवल नाही, पण नोंद करा. बॅकस्पेसचं मात्र वेगळं. त्याने एकदम अख्खी 'स्त्री' खाल्ली तर टाइप करणारा वैतागेल.

आणि आकडे इंग्रजी दिसले म्हणून ओरडू नका. तेलुगूला स्वतःचे आकडे आहेत, पण वर्तमानपत्रंही ०-९ इंग्रजीतच छापतात. इथे मराठी सवय उपयोगाची नाही.

सोलापुरी_चादर

अवांतर: ईस्पीक-एनजी तेलुगू बोलतं, हे माहीत होतं का? काल मेनूचे शब्द आईला ऐकवले. पहिली प्रतिक्रिया: 'याला सर्दी झालीय का?' पण शब्द ओळखले, दहातले आठ. ऑर्का स्क्रीन रीडर (पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम) तपासायचा असेल तर आई तयार आहे. अट एकच, संध्याकाळची मालिका चालू असताना विचारायचं नाही.

खिडकी_नको

आज अहवाल पाठवला. चार नोंदी.

एक: फाइल मॅनेजरच्या डाव्या पट्टीत 'राष्ट्र'चा खालचा र कापला जातोय. फोटो काढून लाल गोल केलाय. लगेच मान्य झाला.

दोन: 'साफ्ट्‌वेर्' अदृश्य चिन्हाशिवाय शोधला तर सापडत नाही. यावर वाद सुरू आहे. एक जण म्हणतो चिन्ह अर्थ बदलू शकतं, म्हणून शोधात धरलंच पाहिजे. दुसरा म्हणतो, वापरणाऱ्याला दिसतच नाही ते त्याने टाइप कसं करायचं? मी दुसऱ्याच्या बाजूने मत दिलं.

तीन: ठळक मथळ्यांत द, ध, थ एक झालेत. फॉन्टला खरं ठळक रूपच नव्हतं. फॉन्ट बदलायचं ठरतंय.

चार: चादर यांनी सांगितलेली दोन वाक्यं. तेलुगू भाषांतर गटाकडे गेली. तिकडून एका बाईंचं उत्तर आलं. वाक्यं दुरुस्त केली आणि विचारलं, 'तुम्ही कुठले?' मी खरं सांगितलं की मला तेलुगू येत नाही. त्यानंतर दोन दिवस काही आलं नाही. मग त्यांनी आणखी साठ वाक्यांची यादी धाडली, 'हीसुद्धा गाळणीतून काढून तुमच्या मित्रांना दाखवा.'

'अहवालात परीक्षकाची भाषापातळी' असा एक रकाना होता. तिथे 'वजा ७६८' लिहिलंय.

अक्षरशत्रू

शिक्का मारायला आता माझी हरकत नाही. भाषांतराच्या रकान्यात मात्र 'तपासलेलं नाही' असंच लिहा.

खिडकी_नको

तसंच लिहिलंय. तुमच्यामुळेच.

उगाच

पुढच्या बैठकीत कन्नडला कोणी नाहीये म्हणे. खोकला कसा आहे?

जोडाक्षर

कन्नड आणि तेलुगू जवळच्या लिप्या, कामाची रीत तीच. फक्त कन्नडमध्ये र्म लिहिताना र ची खूण अजून उजवीकडे लावतात. अर्कावत्तु.

खिडकी_नको

म्हणजे तिथे रफार दिसला तर बग नाही, आणि इथे नाही दिसला तर बग नाही?

रफार

मी कुठेच बग नाही. लिहून घ्या.